चौसष्ट घरे : ठाणावर बांधलेले हत्ती

उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस नाशिकास जाण्याचा आमचा परिपाठ फार जुना आहे. पंचवटीत आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. सकाळी रामकुंडापर्यंत एक फेरी, दुपारी वामकुक्षी, आणि ऊन उतरले की ओसरीवर बुद्धिबळाचा पट, असा तेथला क्रम. ते स्नेही आता हयात नाहीत; परंतु त्यांच्या चिरंजिवांनी व सूनबाईंनी आमचा हक्क पूर्ववत चालू ठेविला आहे. यंदा पटापुढे आमच्या समोर बसली ती त्या स्नेह्यांची नात. वय चौदा, इयत्ता नववी.

आम्ही या पानावर दरमहा वाचकांस बुद्धिबळाचे चार धडे सांगतो, तेव्हा पोरीस फार लवकर हरवू नये एवढाच विचार मनात बाळगून आम्ही खेळावयास बसलो. प्रारंभी आमचे दिवस बरे होते. एक घोडा आम्हांस मिळाला. वजिराने पटाच्या कडेची दोन प्यादीही टिपली. मारलेली मोहरे आम्ही आपल्या बाजूस ओळीने मांडून ठेविली होती, आणि मधून मधून त्यांकडे पाहून समाधानही पावत होतो. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगणेच आमच्या प्रतिष्ठेस हितावह आहे. मधल्या उभ्या पट्टीवर तिचे दोन्ही हत्ती एकामागे एक येऊन उभे राहिले, त्यांतला एक आमच्या गोटात शिरला, आणि सातआठ खेळ्यांत आमचा राजा स्वतःच्याच प्याद्यांच्या आड गुदमरून मेला.

"आजोबा," ती सोंगट्या पुन्हा मांडीत म्हणाली, "तुमचे दोन्ही हत्ती अजून ठाणावरच आहेत."

आम्ही पाहिले. खरेच होते. डावाच्या आरंभी ज्या कोपऱ्यांत आम्ही ते ठेविले, त्याच कोपऱ्यांत ते डावाच्या अखेरीसही उभे होते. आमच्यापाशी सैन्य अधिक होते, परंतु लढावयास कोणीही गेले नव्हते.

रात्री जेवताना मुलीच्या वडिलांनी विषय काढला. "काका, तुम्हीच हिला समजावा. पुढले वर्ष दहावीचे, त्यापुढे बारावीची तयारी. पट आता काही वर्षे माळ्यावर ठेवावा, असे माझे म्हणणे आहे." सूनबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि मग तो माळ्यावरून खाली काढील कोण?" मुलगी काहीच बोलली नाही. ताटातला भात चिवडीत राहिली. दोघांनी आमच्याकडे पाहिले. आम्हांस त्या क्षणी उत्तर सुचले नाही. "लिहून कळवितो" एवढेच म्हणून आम्ही ताक मागितले. प्रस्तुत लेख हेच ते उत्तर होय. प्रश्न बुद्धिबळावरून निघाला, तेव्हा आधी बुद्धिबळाचेच बोलू.

या खेळात संपत्ती मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सर्वांस ठाऊक आहे : प्याद्याचा एक गुण धरला तर घोड्याचे व उंटाचे तीन तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. ही पेटीतल्या रोकडीची मोजणी झाली. दुसरी मोजणी अशी की, हा मोहरा या घडीला किती घरांवर जाऊ शकतो? घोडा पटाच्या मध्यावर असेल तर त्याच्या आवाक्यात आठ घरे येतात; तोच कोपऱ्यात बसला तर दोन. उंट मोकळ्या पटावर मध्यभागी असता तेरा घरे राखतो, कडेस गेला की सात. हत्तीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पट मोकळा असेल तर हत्ती कोठेही उभा करा, मध्यावर वा कोपऱ्यात, त्यास चौदा घरे मिळतातच. परंतु डावाच्या आरंभी, पुढे प्यादे व शेजारी घोडा असता, त्याच हत्तीस किती घरे असतात? एकही नाही. चौदा आणि शून्य यांतले अंतर हत्तीच्या अंगच्या बळाने पडलेले नाही; ते केवळ वाटेने पडलेले आहे.

नाशिककर वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. चैत्रात कामदा एकादशीस काळाराम मंदिरापासून गरुडरथ आणि रामरथ निघतात. शेकडो हात दोरखंडास लागलेले असतात. परंतु पुढचा रस्ता मोकळा झाल्यावाचून रथ तसूभरही हलत नाही. आपल्या पटावरच्या हत्तीचे पूर्वज रथच होत, असे बहुतेक संशोधक मानतात. फारशीत त्यास 'रुख' म्हणत. नाव बदलले, स्वभाव बदलला नाही. त्यास सरळ आणि मोकळी वाट पाहिजे.

ही मोकळी वाट म्हणजेच मोकळी पट्टी. ज्या उभ्या पट्टीवर दोन्ही बाजूंचे एकही प्यादे उरलेले नाही ती पूर्ण मोकळी. जीवर केवळ आपले प्यादे नाही, शत्रूचे आहे, ती अर्धी मोकळी. पट्टी आपोआप मोकळी होत नाही. प्याद्यांस प्यादी भिडवावी लागतात, मारामारी करावी लागते, कधी एखादे प्यादे हातचे सोडावे लागते. ती मोकळी झाली की जो प्रथम आपला हत्ती तेथे आणील त्याची ती. मागोमाग दुसरा हत्ती त्याच पट्टीवर आणून जोड दिली म्हणजे शत्रूस तेथे उभे राहणे कठीण. पुढचा मुक्काम सातव्या आडव्या ओळीवर. तेथे शत्रूची न हललेली प्यादी रांगेने उभी असतात, आणि त्यांच्या पाठीमागे राजा कोंडलेला असतो. आरोन निम्झोविच या विख्यात खेळाडूने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मोकळ्या पट्टीस व सातव्या ओळीस मानाचे स्थान दिले. तेव्हापासून शिकाऊ खेळाडूंस हे दोन धडे आरंभीच देण्याचा प्रघात पडला आहे.

परंतु ग्रंथापेक्षा एक डाव अधिक बोलतो. १८५८ साली पॅरिस येथील इटालियन नाट्यगृहात पॉल मॉर्फी हा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण बसला होता. समोर रंगभूमीवर संगीतनाटक चालू होते, आणि इकडे ब्रन्सविकचे ड्यूक व काउंट इसुआर या दोघा सरदारांनी आपसांत मसलत करीत त्याच्याशी डाव मांडला. मॉर्फीकडे पांढरी मोहरी होती. वाचकांनी पट घेऊन पुढील वर्णन पडताळून पाहावे.

पाचव्या खेळीच्या अखेरीस वजिरापुढची दोन्ही प्यादी आपापल्या पट्टीवरून गेलेली आहेत; म्हणजे वजिराची पट्टी मोकळी झालेली आहे. ती अजून कोणाच्याच ध्यानी आलेली दिसत नाही. सातव्या खेळीस काळ्याने वजीर राजाच्या पुढ्यात आणला, त्यामुळे त्याचा स्वतःचाच उंट कोंडला गेला. आता मॉर्फीस एक प्यादे फुकट मिळत होते. त्याने ते घेतले नाही! त्याऐवजी घोडा बाहेर काढला, पुढच्या खेळीस दुसरा उंट बाहेर काढला. काळा प्याद्यांशी खेळत राहिला. दहाव्या खेळीस मॉर्फीने घोडा देऊन दोन प्यादी घेतली व उंटाने शह दिला. बाराव्या खेळीस त्याने वजिराच्या बाजूस किल्लेकोट केला. त्या एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे सुखरूप गेला, आणि हत्ती नेमका त्या मोकळ्या पट्टीवर येऊन उभा राहिला. तेराव्या खेळीस तो हत्ती त्याने देऊन टाकला आणि चौदाव्या खेळीस दुसरा हत्ती त्याच पट्टीवर आणला. मग एक उंट दिला, मग प्रत्यक्ष वजीर दिला, आणि सतराव्या खेळीस उरलेल्या एका हत्तीने त्याच पट्टीवरून खाली उतरून मात केली.

आता अखेरचा पट पाहा. काळ्यापाशी वजीर, हत्ती, उंट व घोडा असे चार मोहरे शिल्लक आहेत. मॉर्फीपाशी राजाखेरीज एक हत्ती व एक उंट. रोकडीच्या मोजणीत काळा श्रीमंत आहे. परंतु त्याचा तो हत्ती व तो उंट यांनी साऱ्या डावात एकही पाऊल टाकलेले नाही. जेथे मांडले तेथेच ते आहेत. मॉर्फीचा मात्र एकही मोहरा रिकामा बसलेला नव्हता. जे गेले ते कामी येऊन गेले, आणि जे उरले त्यांनी मात केली. पंचवटीच्या ओसरीवर आमची जी गत झाली तीच त्या सरदारांची झाली, हे वाचून आम्हांस थोडे समाधान वाटते, ते वाचकांनी क्षम्य मानावे.

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक नव्हती काय? बुद्धिबळ आपल्या विद्वानांस परके कधीच नव्हते. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात 'भगवन्तभास्कर' हा धर्मशास्त्रावरचा मोठा निबंध रचिला. त्यातील 'नीतिमयूखा'त या खेळाचे वर्णन आलेले आहे. परंतु आपल्या देशी पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर चाले, आणि आजच्या सारखा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजास एकवार घोड्याची अडीच घरे चालण्याची मुभा असे. गावोगावच्या नियमांतही थोडाफार फरक असे. अशा खेळात प्यादी सावकाश भिडत, पट्ट्या उशिरा मोकळ्या होत, आणि हत्ती बराच काळ ठाणावर राहिले तरी चाले. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ संघ स्थापन झाला व जागतिक नियमांनी खेळण्याची रीत देशभर रूढ होत गेली. आमच्यासारख्या कित्येकांनी नियम नवे घेतले, परंतु सवय जुनीच ठेविली. तीच आम्हांस त्या दिवशी भोवली.

नाशिकच्या नव्या पिढीस ही सवय उरलेली नाही, याचे मुख्य उदाहरण म्हणजे विदित गुजराथी. २००८ साली ते चौदा वर्षांखालील मुलांत जगज्जेते झाले. २०१३ साली ग्रँडमास्टर झाले. २०२३ साली आयल ऑफ मॅन येथे जगातील बलाढ्य खेळाडूंची अकरा फेऱ्यांची मोठी स्पर्धा भरली होती. तीत पहिल्याच फेरीत विदित हरले. ज्यास एक हार म्हणजे सर्वस्व गेले असे वाटते, त्याने तेथेच हात आखडता घेतला असता. त्यांनी पुढल्या दहा डावांत साडेआठ गुण मिळविले आणि एकटेच प्रथम आले. त्या बळावर २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटो येथे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या आठ जणांच्या स्पर्धेत त्यांस स्थान मिळाले. तेथे अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना विदितांनी राजापुढच्या प्याद्यांच्या तटावर आपला उंट झोकून दिला, तट फुटला, आणि डाव जिंकला. परतीच्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनीही त्यांसच हरविले. स्पर्धेअखेर विदितांचा क्रमांक सहावा लागला, हेही सांगितले पाहिजे. तटावर उंट झोकणाऱ्यास प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताच्या संघाने सुवर्णपदक मिळविले, त्या पाच जणांत नाशिकचा हा खेळाडू होता.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे, नाहीतर आमचे तरुण वाचक उद्या सकाळीच दोन्ही हत्ती घेऊन धावत सुटतील. मोहरा कामास लावणे आणि मोहरा उधळणे या निराळ्या गोष्टी आहेत. वजीर फार लवकर बाहेर काढला की शत्रूची लहान मोहरी त्यास हुसकावीत हुसकावीत स्वतः बाहेर येतात. आपली खेळी फुकट, त्यांची फुकटात प्रगती. तसेच, राजा अजून मध्यावर असताना मधली पट्टी मोकळी केली तर तीवरून शत्रूचाच हत्ती यावयाचा. मॉर्फीच्या डावात काळ्याचा राजा अखेरपर्यंत मूळच्या घरी उघडा बसला होता, म्हणूनच मोकळी पट्टी त्याचा काळ ठरली. आणि पट जेव्हा प्याद्यांनी गच्च भरलेला असतो, तेव्हा हत्तीपेक्षा उडी मारणारा घोडाच शहाणा. यास्तव क्रम असा ठेवावा : मध्यावर एकदोन प्यादी, मग घोडे व उंट बाहेर, मग किल्लेकोट, आणि मग दोन्ही हत्तींस वाट. काय खेळावे हे सुचेनासे झाले म्हणजे पटावर एकवार नजर फिरवावी, आणि स्वतःस विचारावे, 'माझा सर्वांत आळशी मोहरा कोणता?' त्याची सोय लावावी. आम्ही हे इतरांस कित्येक वर्षे सांगत आलो आहो. यंदा चौदा वर्षांच्या मुलीने ते आम्हांस सांगितले.

असो. आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे वळतो.

मुलीच्या वडिलांची भीती खोटी नाही. शिक्षण हा मध्यमवर्गीयांच्या घरातला राजा आहे. तो पडला तर डाव संपला. बुद्धिबळावर पोट भरणारे थोडे, आणि त्या थोड्यांत आपली मुलगी असेल असे मानून चालणे हा जुगार होय. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ च्या जुलैत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला व त्याबरोबर ग्रँडमास्टर पदही मिळविले. परंतु त्यांचे नाव पुढे करून आम्ही कोणाही बापास गप्प करू इच्छीत नाही. हजारांत एक दिव्या होते. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचे काय, हाच त्या वडिलांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

तरीही आम्ही सूनबाईंच्या बाजूचे आहो. आपल्या प्रांतात मुलींच्या हाती पट राहिला तो कोणीतरी घरात तो राखिला म्हणून. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी याही त्याच पटावर वाढल्या. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ उठला, आणि स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय जागतिक संघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांस द्यावा लागला. बाहेरची दारे अशी उघडली. घरातला माळा मात्र ज्याचा त्यानेच उघडावयाचा असतो.

हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगतो? आमची एक धाकटी बहीण होती. बुद्धिबळ ती आमच्याहून उत्तम खेळे, हे आज लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. त्या वेळी फार वाटत असे. ती मॅट्रिकच्या वर्गात गेली तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून तो पट ट्रंकेत आम्हीच ठेविला. परीक्षा झाली, ती उत्तम तऱ्हेने उत्तीर्णही झाली. पुढे लग्न, संसार. पट तिने मागितला नाही, आणि आम्ही दिला नाही. ती गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा सोंगट्या आम्ही बांधल्या होत्या त्याच फडक्यात, त्याच गाठीत होत्या. तिच्या हातून तो डाव जिंकला गेला असता की हरला असता, हे आता कोण सांगणार? तो मांडलाच गेला नाही.

म्हणून त्या वडिलांस आमचे उत्तर एका खेळीत आहे, आणि ती खेळी म्हणजे किल्लेकोट. साऱ्या पटावर हीच एक खेळी अशी की, जी राजास सुरक्षित करते आणि त्याच वेळी हत्तीस कोपऱ्यातून बाहेर काढते. राजाचे रक्षण करावयाचे म्हणून हत्ती कोंडलाच पाहिजे, हा समज चुकीचा आहे. दहावीच्या वर्षी दूरदूरच्या स्पर्धा बंद ठेवाव्या, प्रवास टाळावा, अभ्यासाचे तास ठरवून घ्यावे. मुलीनेही ते कबूल करून पाळावे. परंतु रोजचा अर्धा तास आणि रविवारचा एक डाव तिच्याकडून कोणी घेऊ नये. पट माळ्यावर जाऊ नये. तो ओसरीवर, हाताशी असावा. जी मुलगी तासभर मुकाट बसून समोरच्याच्या मनातली खेळी शोधू शकते, तिचे तेच बळ भूमितीच्या पेपरातही तिच्या उपयोगी पडेल. आणि न पडले तरी बिघडत नाही. अंगी असलेले बळ वापरता येणे, हे स्वतःच लहान सुख नव्हे.

हे पत्ररूपाने आम्ही नाशिकास आधीच कळविले होते. परवा सूनबाईंचे उत्तर आले. वडिलांनी अद्याप 'होय' म्हटलेले नाही. तथापि पट ओसरीवरच आहे, आणि गेल्या रविवारी रात्री ते स्वतः मुलीसमोर खेळावयास बसले होते. हरले. डाव संपल्यावर बराच वेळ ते आपल्या दोन्ही कोपऱ्यांकडे पाहत होते, असे त्यांनी लिहिले आहे.